तापल्या हातांना कोमट पाणी

इलोइलो शहराच्या हारो भागातल्या त्या गल्लीत कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी रोसेवीला हाक जायची. तिचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं, पण अंगावर पांढरा गणवेश दिसला की लोकांना तेवढं पुरतं. तीही कुणाला नाही म्हणायची नाही. याचा रक्तदाब बघ, त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या वेगळ्या करून दे, असं करत ती घरी पोचायची तेव्हा भात गार झालेला असे. तिची आई एस्तेला जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. लेकीला लाडानं इंदाय म्हणणारी ती दारातच विचारायची, "गल्लीची नर्स झालीस, इंदाय. कागदावर कधी होणार?"

कागदावर होणं म्हणजे बोर्ड. परवाना देणारी सरकारी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय कुणी नर्स होत नाही, आणि इलोइलोत तर घराघरात कुणीतरी ती दिलेली असते किंवा कुणाला तरी द्यायची असते. पण रोसेवीच्या वाटेत बोर्डाच्याही आधी एक धोंड होती. शेवटच्या वर्षाचा प्रबंध. तो चौघांनी मिळून करायचा आणि परीक्षकांपुढे उभं राहून पटवायचा. पटला नाही तर पदवी अडकणार, पदवी अडकली तर यंदाच्या बोर्डाच्या यादीत चौघांपैकी एकाचंही नाव जाणार नाही.

गट कसा चाललाय, असं एस्तेलानं विचारलं की रोसेवी गणवेशाला इस्त्री करता करता सांगायची, "एकत्र काम म्हणजे काय ते मला आता नीट कळलंय, नानाय. आर्जे हुकूम सोडतो, शेमाय रडते, लिनेट खाते आणि मी टाइप करते."

"आणि भांडण?"

"ते सगळे मिळून करतो."

इस्त्री झाली की एस्तेलाची नजर नकळत लेकीच्या हातांकडे जायची. तापल्या हातावर गार पाणी पडलं की पास्मा होतो, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं. पास्मा बाधला की हात थरथरतात, तळवे घामेजतात, शिरा दोरीसारख्या वर येतात. इस्त्री केल्यावर, खूप लिहिल्यावर, कुणाचं अंग चोळून दिल्यावर हात तासभर तरी कोरडे ठेवायचे. हे तिनं रोसेवीला कधी शिकवलंसुद्धा नव्हतं. पोरगी ते बघत बघतच मोठी झाली होती. नर्सच्या हातानं थरथरून कसं चालेल?

गंमत अशी की चौघांचा प्रबंध हात धुण्यावरच होता. सरकारी इस्पितळात प्रत्येक खाटेशी घरचं एक माणूस रात्रंदिवस बसलेलं असतं. त्याला बांताय म्हणतात. रुग्णाला भरवायचं, कूस बदलायची, पाठ चोळायची, कपडे पिळायचे, पुठ्ठ्यानं वारा घालायचा, सगळं बांतायनंच करायचं. त्यांनी वारंवार हात धुतले तर जंतू कमी पसरतील, म्हणून चौघांनी चित्रं काढून भिंतीवर लावली, प्रात्यक्षिकं दिली, साबण वाटला. सगळ्या बांतायांनी हसून माना डोलावल्या. "हो, मॅम." पुढं महिनाभर चौघं पाळीपाळीनं वॉर्डात बसून बघत राहिले. साबण जवळजवळ होता तेवढाच राहिला. मग प्रबंधाच्या शेवटी आर्जेनं सांगितलं आणि रोसेवीनं टाइप केलं: नातेवाइकांचं अज्ञान व निष्काळजीपणा.

प्रबंध मांडायच्या दिवशी परीक्षकांना खाऊपिऊ घालायचं, ही तिथली रीत. जेवण चांगलं तर प्रश्न सोपे, असं कॉलेजात कुणी उघड बोलत नसे, पण आया पहाटे उठत. एस्तेलानं रजा टाकली आणि मोठं पातेलंभर पान्सित मोलो केलं. पातळ रश्शात तिनं हातानं वळलेल्या मांसाच्या पुरचुंड्या पोहत होत्या. रिक्षात ते पातेलं तिनं तान्ह्या मुलासारखं मांडीवर धरलं होतं.

ती पोचली तेव्हा आत प्रश्न सुरू झाले होते. दार उघडंच होतं. पातेलं घेऊन ती उंबऱ्यापाशी थांबली.

प्रमुख परीक्षक पालमारेस मॅम. केस पांढरे, आवाज हळू. वॉर्डात त्यांचा धाक असा की त्यांच्या चपलांचा आवाज आला की शिकाऊ पोरी श्वास रोखत. त्यांनी प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं आणि चष्म्यावरून चौघांकडे पाहिलं.

"गणवेशाला इस्त्री कोण करतं तुमच्या?"

"आम्हीच, मॅम," आर्जे म्हणाला.

"इस्त्री झाली की लगेच नळाखाली हात धुता?"

आर्जेच्या ओठांवर 'हो, मॅम' आलेलं एस्तेलाला दारातून दिसलं. तेवढ्यात रोसेवीची मान वळली. दारात आई, हातात पातेलं. एस्तेलानं डोळ्यांनीच सांगितलं, म्हण हो, म्हणून टाक.

"नाही, मॅम," रोसेवी म्हणाली. "पास्मा होतो. माझी आई हात लावू देत नाही पाण्याला."

एस्तेलाला वाटलं, पातेल्यासकट जमिनीत जावं. शाळेत पहिलीच्या पोरांना हात धुवायचं गाणं शिकवणारी बाई ती.

मग शेमाय हळूच म्हणाली, मीपण नाही. लिनेटनं मान हलवली. राहता राहिला आर्जे, तो खाली बघून म्हणाला, "मी दिवसभराच्या ड्युटीनंतर पायसुद्धा धूत नाही, मॅम."

पालमारेस मॅम हसल्या नाहीत. "अख्खा दिवस रुग्णाची पाठ चोळणाऱ्या बाईला तुम्ही गार नळाशी पाठवलंत. ती गेली नाही तर ती अडाणी. तुम्ही जात नाही, तर तुम्ही कोण? परत जा. या वेळी शिकवू नका, विचारा. यादी पाठवायच्या आत सुधारून आणलंत तर बघू." एवढं बोलून त्यांनी दाराकडे पाहिलं. "आत या, मिसिस. वाफ जातेय."

पान्सित मोलो त्यांनी दोनदा घेतलं. एस्तेला मात्र न जेवता पातेल्यापाशी उभी राहून वाढतच राहिली.

घरी येताना तिच्या मनात एक विचार चोरपावलांनी आला. यंदा नाही झालं तर? बोर्ड म्हणजे परवाना, परवाना म्हणजे परदेशी नोकरीचं विमान. समोरच्या घरातली पोरगी रियाधला गेली ती फोनमध्येच राहिली. आणखी एक वर्ष लेक समोरच्या खुर्चीत बसून गार भात जेवली तर काय बिघडलं? आणि मग समोर बसलेल्या रोसेवीचा चेहरा दिसला. ती रडत नव्हती. रिक्षाच्या धक्क्यांत, प्रबंधाच्या पाठकोऱ्या पानावर, बांतायांना काय काय विचारायचं ते लिहीत होती. एस्तेलाला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी चौघं तिच्याच स्वयंपाकघरात जमले. आर्जे फुगलेला. त्याचं म्हणणं, एक 'हो' म्हणायला काय जात होतं, सगळं निभावलं असतं.

"आणि खोट्यावर नर्स झालो असतो," रोसेवी म्हणाली.

"नर्स झालो तर असतो."

"तू पायांचं का सांगितलंस मग? त्यांनी हातांचंच विचारलं होतं."

लिनेटला ठसका लागला, शेमाय रडता रडता हसली, आणि आर्जेनं पुढ्यातली बशी ओढून घेतली. भांडण तिथंच मोडलं. उरलेल्या पुरचुंड्या संपवून त्यांनी कामं वाटून घेतली. या वेळी हुकूम कुणीच सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा वॉर्डात जाऊ लागले. आधी परत तेच हसणं, तेच "हो, मॅम." मग एका बाईजवळ बसून रोसेवीनं आपणहून सांगितलं, की माझी आई टीचर आहे, शाळेत मुलांचे हात धुऊन घेते आणि घरी मला नळाला शिवू देत नाही. ती बाई तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून हसली. पलीकडची म्हणाली, बरोबरच आहे तुझ्या आईचं. तिच्या पलीकडची आपले तळवे दाखवू लागली. आणि मग बोलणं थांबेना.

"सगळ्या वॉर्डाला सांगितलंस माझं?" एस्तेलानं विचारलं.

"शेजारच्या वॉर्डालापण. तिथंही तुझ्याच नावावर सगळे बोलायला लागले."

"प्रबंधात नाव घालशील तर बघ."

"नाव नाही घालत. 'एक शिक्षित माता' असं लिहिलंय."

एस्तेलानं तिला फडकं फेकून मारलं. पण पुढचं ऐकायला ती थांबली. रोसेवी म्हणत होती, मला वाटायचं संशोधन म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं लोकांकडून वदवून घ्यायचं. आम्ही सगळ्यांना प्रश्न केले, फक्त स्वतःला सोडून. पास्मा पुस्तकात नाही, म्हणून आम्ही तो घरी ठेवून इस्पितळात जायचो; बांताय बिचाऱ्या तो बरोबर घेऊन यायच्या. मग त्यांनाच विचारलं, काय केलं तर हात धुवाल? त्या म्हणाल्या, पाणी कोमट असलं तर.

एवढंच होतं ते. चौघांनी घराघरांतून थर्मास मागून आणले. एस्तेलाचा फुलाफुलांचा, शाळेत नेण्याचा थर्मासही त्यात गेला. बेसिनशी कोमट पाण्याची बादली राहू लागली आणि साबण झिजू लागला. सुधारलेला प्रबंध पालमारेस मॅमनी उभ्या उभ्या वाचला, सही केली, आणि त्या मोलोची कृती तेवढी लिहून पाठव, असं सांगितलं. चौघांची नावं यादीत गेली.

पुढचे महिने उजळणीच्या क्लासात आणि एकमेकांना प्रश्न विचारण्यात गेले. एस्तेलाला औषधांची नावं पाठ झाली. परीक्षेच्या पेन्सिली तिनं कांदेलारिया मातेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेऊन आणल्या. चौघांच्याही. आर्जेनं आपल्या पेन्सिलीला तिच्याकडून दोनदा आशीर्वाद मागून घेतला.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी फाटकाबाहेर आयाबाया फुगे आणि फलक घेऊन उभ्या होत्या. एस्तेलाच्या हातात थर्मास आणि प्लास्टिकचं टोपलं होतं. दिवसभर उत्तरपत्रिकेतले गोल काळे करून पोरांचे हात तापले असणार.

रोसेवी बाहेर आली. बोटांना शिसं लागलं होतं. मागोमाग बाकीचे तिघं. बोर्ड देऊन आलेल्याला पेपर कसा गेला ते विचारायचं नसतं, अपशकुन होतो. एस्तेलानं प्रश्न गिळला आणि टोपल्यात पाणी ओतलं. रोसेवीनं आधी त्यात कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.

"बरोब्बर आहे, मिसिस," ती पालमारेस मॅमच्या आवाजात म्हणाली, आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

तळव्यांवरचं शिसं पाण्यात उतरत गेलं. हात जरासुद्धा थरथरत नव्हते. एस्तेलाला विचारायचं होतं ते कळलं, आणि जे नको होतं तेही: विमान आता लांब नव्हतं. तिनं खांद्यावरच्या टॉवेलनं एकेक बोट पुसलं, जरा जास्तच वेळ लावून.

"नानाय, मागे तिघं उभे आहेत," रोसेवी म्हणाली.

"राहू देत," एस्तेला म्हणाली. "पाणी अजून गरम आहे."