वाटणाऱ्याचा वाटा

पेट्रोलचा वास आला की पांढरकवड्याचे ते प्रकरण मला आजही आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका लोखंडी पिंपाची भानगड होती. पण माझ्या नोकरीत ज्या मोजक्या प्रकरणांनी माझा जीव खाल्ला, त्यांत हे वरच्या जागी आहे.

मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. विदर्भ नव्या महाराष्ट्रात येऊन थोडाच काळ झाला होता. गॅलन जाऊन लिटर आले होते, तरी ड्रायव्हर मंडळी अजून गॅलनमध्येच बोलत. मी स्वभावाने संशयी. आमची ही म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी हात जोडायच्या आधी चपलांवर कोणाची नजर आहे ते बघता." खरे होते ते. सरकार मला त्याचाच पगार देत होते.

गावात पेट्रोलचा पंप एकच. मालक मनाला येईल तेव्हा "माल संपला" अशी पाटी लावायचा, आणि पाटी लागलेली असताना मागच्या दाराने चढ्या भावात डबे भरून द्यायचा. एस.टी. जिथे पोचत नसे अशा जंगलातल्या गावांना जाणाऱ्या जीपवाल्यांचे त्यात हाल होत. त्या जीपही लष्कराने लिलावात काढलेल्या, लोखंडाच्या मोलाने घेतलेल्या. शेवटी या जीपवाल्यांनी एकत्र येऊन एक मंडळ केले. सगळ्यांनी मिळून नागपूरच्या डेपोतून पेट्रोलचे अख्खे पिंप आणायचे आणि आपसांत वाटून घ्यायचे. तहसिलीतून साठ्याचा परवाना काढला, गावाबाहेर टिनाची शेड बांधली. पेट्रोल स्वस्त पडू लागले आणि पंपवाल्याची पाटी पहिल्यांदाच आपोआप उतरली.

मंडळाचे अध्यक्ष होते एक कापसाचे दलाल. त्यांच्या दोन जीप भाड्याने फिरत. नागपूरचा ट्रक पिंप त्यांच्याच आवारात उतरवी. अध्यक्ष सील तोडत, आत काठी घालून माप बघत, आणि मग बैलगाडीवर घालून पिंप शेडमध्ये जाई. शेडची किल्ली आणि वाटपाचे काम एका तांड्यावरच्या जीपवाल्याकडे होते. तिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेत, हा जीप चालवत होता. तांड्यावर नायकाचा मान त्याच्या चुलत्याचा, पण गावात सगळे यालाच नाईक म्हणत.

एक दिवस याच नाईकाची जीप यवतमाळच्या रस्त्यावर बंद पडली. आत तापाने फणफणलेली एक मुलगी आणि तिचे आईबाप होते. जीप हिसके देत थांबली ती हललीच नाही. मागून आलेल्या ट्रकवाल्याने मुलीला दवाखान्यात पोचवले म्हणून ती वाचली. पण गावात बोंब झाली की मंडळाच्या पेट्रोलमध्ये पाणी आहे. भाड्याची गिऱ्हाइके जीपमध्ये बसायच्या आधी विचारू लागली, "पंपाचं हाय ना बाप्पा?"

चारच दिवसांत अध्यक्ष माझ्याकडे आले. मी चहा मागवला.

"साहेब, नाव माझं कुठे येऊ देऊ नका," ते म्हणाले. "पण आमच्यातलाच माणूस आहे. पेट्रोल काढून विकतो आणि तेवढं पाणी घालतो. किल्ली कोणाजवळ असते ते तुम्हीच बघा."

"त्याची स्वतःचीच जीप बंद पडली की."

"नाटक असतं साहेब ते! चोर आपल्या घरचीही कडी तोडून ठेवतो."

बोलता बोलता त्यांनी चहा गरम गरम पिऊन टाकला, बशीसकट. माझा एक अनुभव आहे. शेजाऱ्याविरुद्ध खबर द्यायला आलेल्या माणसाचा चहा बहुधा निवतो. हे मी मनात नोंदवले आणि तूर्त बाजूला ठेवले. चहाच्या जोरावर कोणाला धरता येत नाही.

हवालदाराला घेऊन मी शेडवर गेलो. पंच बोलावून झडती घेतली. पिंप रिकामे होते. कोपऱ्यात पोत्याखाली एक डबा सापडला. झाकण काढले तर पेट्रोलचा भपकारा आला, पण आत जवळजवळ सगळे पाणीच. पंचनामा केला, डबा मुद्देमाल म्हणून जप्त केला. हवालदार तर खूश झाला. "साहेब, केस उकलली. डब्यात पानी तयारच ठेवून राह्यला होता."

मलाही तसेच वाटले. नाईकाला ठाण्यावर बोलावले.

"हे पाणी कशाला ठेवलंस?"

"ठेवलं नाई साहेब. काढलं."

"कशातून?"

तो गप्प. पुन्हा विचारले, दरडावून विचारले, तरी गप्प. मान खाली घालून गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल पोलिसाचे मत चटकन बनते. माझेही बनले. मी त्याला सांगितले की उद्या सकाळी पुन्हा यायचे, आणि गाव सोडायचे नाही.

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधीच ठाण्याच्या व्हरांड्यात एक म्हातारा येऊन बसला होता. डोक्याला लाल मुंडासे, हातात काठी. खाकीतला कोणीही समोरून गेला, अगदी पाणी भरणारा शिपाई गेला, तरी म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठायचा, हात जोडायचा आणि पुन्हा बसायचा. मी विचारले, "काय काम आहे बाबा?"

"हजेरी द्याले आलो, मायबाप."

"कसली हजेरी?"

"पोराले ठान्यात बलावलं म्हने. मंग आमची हजेरी आलीच ना."

तो नाईकाचा बाप होता. म्हातारा पूर्वी राहायचा त्या नदीपलीकडच्या जुन्या निजामी मुलखात त्याच्यासारख्यांची नावे, जन्मावरूनच गुन्हेगार ठरवून, पोलिसांच्या यादीत असत. चोरी कुठेही होवो, याने सकाळ-संध्याकाळ ठाण्यात तोंड दाखवायचे. तो कायदा केव्हाच गेला होता, पण म्हाताऱ्याच्या अंगातून तो गेलेला नव्हता.

इतक्यात नाईक आला. बापाला तिथे उठबस करताना पाहून त्याचा चेहरा असा काही झाला की मला नजर वळवावी लागली.

"बा, ऊठ. घरी जाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, मले आत टाका, मारा, जीप घ्या. पन माह्या घरचं नाव पुन्हा त्या यादीत घालू नोका. माहे लेकरं शाळेत जातेत."

"मग बोल ना बाबा! कालपासून तेच विचारतोय मी. पाणी कुठून आलं?"

तेव्हा तो बोलला. पिंप उभे ठेवून तो वरच्या तोंडातून रबरी नळी घालायचा. नळी पार बुडाशी टेकवायची नाही, पेट्रोल उतरेल तशी खाली सरकवायची. एकेका सभासदाचे डबे भरून झाले की तळाला उरेल ते पिंप कलते करून स्वतःच्या डब्यात ओतायचे. गेल्या काही पिंपांपासून त्याच्या वाट्याला तळाचे पाणीच येत होते. त्या दिवशी घाईत न गाळता टाकीत ओतले, म्हणून जीप बंद पडली. डब्यातले पाणी त्यानंतरच्या वाटपातले. मऊ चामड्याच्या तुकड्यातून पेट्रोल गाळून घेतल्यावर मागे राहिलेले.

"तू सगळ्यांत शेवटी का घेतोस?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले जणू मी सूर्य कुठून उगवतो असे विचारले होते. "वाटनाऱ्यानं मांगूनच, सगळ्यायच्या शेवटी घ्या लागते साहेब. तांड्यात बकरं कापलं त वाटनारा मांगून घेते. म्हनून त वाटे बरोबर पडतेत. म्या मंडळात पहिल्याच दिवशी सांगतलं, असं असन त वाटतो, नाई त नाई."

"मग पाणी येतंय हे बाकीच्यांना का नाही सांगितलंस?"

"वाटनाऱ्यानं आपल्या वाट्याची कुरकुर कराव का? लोक म्हनतीन, ह्याले जास्त पाह्यजे."

मी हवालदाराला काचेची बाटली आणायला सांगितली. जप्त डब्यातले थोडे पाणी आणि ठाण्याच्या गाडीतले थोडे पेट्रोल बाटलीत घालून हलवले. क्षणभर गढूळ झाले आणि मग पाणी खाली, पेट्रोल वर, मध्ये स्पष्ट रेघ. तोवर माझ्या डोक्यात दुधातले पाणी होते, जे सगळ्यांच्या वाट्याला सारखेच येते. हे पाणी तसे नव्हते. ते फक्त शेवटच्या माणसाच्या गळ्यात पडत होते. शेवटी कोण घेतो हे सगळ्या मंडळाला ठाऊक होते.

तरीही नाईकावरचा संशय मी सोडला नाही. डाव असलाच तर फार चांगला रचलेला होता, आणि गोड गोष्टीवर मी कधी विश्वास ठेवला नाही. पण अध्यक्षांवरचा संशयही आता चहापुरता उरला नव्हता. सील तोडायचा हक्क त्यांचाच होता.

पुढचे पिंप आदल्या दिवशी नागपूरहून आल्याचे आणि अजून अध्यक्षांच्याच आवारात असल्याचे हवालदाराने सांगितले. बैलगाडी सकाळी येणार होती. मी नाईकाला भल्या पहाटेच ठाण्यात बोलावून बसवले आणि पंचांना घेऊन आवारात गेलो. सील तोडलेले होते, माप बघून झाले होते. मी पिंप माझ्या देखत गाडीवर चढवले आणि गाडीबरोबर शेडपर्यंत चालत गेलो. म्हणजे या पिंपाला नाईकाचा हात लागला नव्हता.

शेडवर जीपवाले डबे घेऊन जमले होते. मी म्हणालो, "नाईक आज ठाण्यात आहे. वाटप कोणी तरी दुसऱ्याने करायला पाहिजे. अध्यक्षांनीच करावं."

अध्यक्ष हसले. "मी कशाला साहेब? माझी नळी ओढायची सवय गेली."

"ओढून देतो की आम्ही," एक जीपवाला म्हणाला. "तुमी फक्त डबे सांगा."

ठीक आहे म्हणत त्यांनी आपल्याच दोन जीपचे डबे पुढे केले. तोच दुसरा म्हणाला, "असं नाई अध्यक्ष. वाटनाऱ्यानं मांगून घ्याव. आपला कायदा हाय."

"मला पुसदला जायचं आहे. गिऱ्हाईक थांबलंय."

"कोनाले नाई जायचं? कायदा म्हंजे कायदा."

मी एका बाजूला उभा राहून फक्त त्यांचा चेहरा बघत होतो. भर उन्हाळाही नव्हता, पण कपाळ ओले झाले होते. एकेकाचे डबे भरत गेले. पिंप जसजसे उतरत होते, तसतसे ते बोलायचे कमी झाले. शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या. या खेपेला मी घेतच नाही. माझा वाटा मंडळाला दिला."

जीपवाले एकमेकांकडे बघू लागले. पेट्रोलसाठी भांडणारा माणूस आपला वाटा दान करत होता! मी हवालदाराला पिंप कलते करायला सांगितले. बाटली भरली. थोड्या वेळाने तळाशी तीच स्वच्छ रेघ दिसली.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "तळाला काय आहे हे तुम्हाला आधी कसं कळलं?"

मी पंचांना घेऊन तसाच त्यांच्या आवारात परतलो. आवाराच्या झडतीत वजनकाट्याच्या खोलीत सरकीच्या पोत्यांमागे पेट्रोलचे भरलेले डबे मिळाले. सरकीशेजारी पेट्रोल! एक ठिणगी पडली असती तर अर्धी गल्ली गेली असती. हे दिसल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला. पेट्रोल काढून तेवढे पाणी आपणच घातले, पंपवाला हमरस्त्यावर नवा पंप काढणार होता आणि मंडळ मोडून दिले तर त्यात भागी देणार होता, असे त्यांनी जबाबात सांगितले. पंपवाल्याने कानावर हात ठेवले आणि माझ्याजवळ त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. अध्यक्षांना कोर्टात शिक्षा झाली. पंपवाला सुटला. त्याचा राग मला अजून आहे.

मंडळ मोडले नाही. किल्ली नाईकाकडेच राहिली. सभासदांनी त्याला आग्रह केला की आता तू पहिला घे. त्याने ऐकले नाही, शेवटचाच वाटा घेत राहिला. फक्त एक बदल झाला. पिंपाचे सील शेडमध्ये, सगळ्यांसमोर तोडायचे ठरले.

गप्प राहणारा माणूस काही तरी लपवतो, असे मी तोवर मानत होतो. काही माणसे लाजेने गप्प असतात, काही मानाने, आणि दोन्ही चेहरे ठाण्याच्या टेबलासमोर गुन्हेगारासारखेच दिसतात. एवढे मी त्या वर्षी शिकलो. संशय घेणे मी सोडले नाही. पण खबर आली की ज्याच्यावर आली त्याच्याआधी, ती घेऊन आलेल्या माणसाची चौकशी करू लागलो.

पुढे काही आठवड्यांनी सकाळी ठाण्यात आलो तर म्हातारा पुन्हा व्हरांड्यात बसलेला. मी तडक त्याच्याकडे गेलो. "बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना, हजेरी-बिजेरी काही नाही म्हणून?"

"हजेरी कायची साहेब?" म्हातारा म्हणाला. "पोराची जीप इथूनच सुटते. सावली हाय म्हनून बसलो."

मी खाकीत त्याच्यासमोर उभा होतो, आणि तो बसूनच बोलत होता.