ताईकडून मिळालेली बातमी

त्या भाऊबीजेला ताईने मला ओवाळलं नाही. ताट घेऊन ती अंगणात गेली, चंद्राला ओवाळलं आणि ताट आत नेलं. मी पाटावर बसून होतो.

ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. तिने पदर तोंडाला लावला. जेवून जा, असं मला कोणी म्हटलं नाही. भाचीने माझ्या चपला पायरीखाली नेऊन ठेवल्या, तेव्हा मी उठलो.

मी एकोणीस वर्षं एका दैनिकात मनोरंजनाचा बातमीदार होतो. मराठी घेऊन एम. ए. झालो, पुस्तकांवर लिहायला मिळेल म्हणून नोकरी धरली, आणि ज्या पानावर माणूस कमी होता त्या पानावर मला बसवलं. कोणाचं कोणाशी फाटलं, कोण कोणाच्या लग्नाला गेलं नाही, कोण जाड झाली, हे मी लिहीत राहिलो. आधी लाज वाटायची. मग सवय झाली. मग मी त्यात तरबेज झालो, आणि आता मला राग येतो तो याचाच. या कामात बातमी मालकाकडून मिळत नाही, ड्रायव्हरकडून मिळते, स्वयंपाकिणीकडून मिळते. त्यांच्या मुलांच्या परीक्षा, आयांची दुखणी मी लक्षात ठेवायचो. लोकांना वाटायचं, किती माणुसकी आहे.

आमच्या भिवंडीत माझ्या कामाची किंमत बरोबर ओळखली होती. धामणकर नाक्याला आमच्या इमारतीखाली ज्यांचे लूम होते ते शेठ मला बघून विचारायचे, "क्या साहब, आज किसका तलाक करवाया?" कारागीर हसायचे. मीही हसायचो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिला गणेशपुरीच्या बाजूला दिली होती. भावजी वारल्यावर ती अकलोलीला एका बंगल्यावर कामाला जाऊ लागली. तिथे जुन्या काळातली एक नटी येऊन राहिली होती. कुंडाच्या गरम पाण्याने गुडघ्यांना आराम पडतो म्हणून आणलंय, असं तिची मुलं सांगत. खरं म्हणजे तिची आठवण जात चालली होती, आणि मुंबईत ते लपवणं मुलांना कठीण झालं होतं.

हे मला ताईने सांगितलं, तिने चंद्राला ओवाळलं त्याच्या आदल्या भाऊबीजेला. मला ओवाळलं, पानात आग्रहाने दुसरी करंजी वाढली, आणि समोर बसून सांगितलं की बाई आता कोणाला ओळखत नाही. सकाळी केस विंचरायला घेतले की ताईलाच आई म्हणते, शाळेत पाठवू नकोस म्हणून रडते. सांगताना ताईलाही रडू आलं.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. माहिती देणाऱ्याचं नाव घालायचं नाही, 'निकटच्या सूत्रांनी सांगितले' असं लिहायचं. पण वाचणाऱ्याला बातमी खरी वाटावी म्हणून एक तपशील असा घालायचा, जो तिथे असलेल्या माणसालाच माहीत असेल. मी तसंच केलं. ताईचं नाव नाही, गावाचं नाव नाही. फक्त, केस विंचरणाऱ्या बाईला त्या आई म्हणून हाक मारतात, एवढं एक वाक्य घातलं. संपादक म्हणाले की सगळी बातमी या वाक्यावर उभी आहे.

केस विंचरणारी बाई त्या घरात एकच आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं मी पुढे अनेकांना सांगितलं. ते खोटं आहे. ध्यानात आलं होतं. वाक्य चांगलं होतं म्हणून ठेवलं.

गाव शोधायला बाकीच्यांना एक दिवस लागला. वाहिन्यांच्या गाड्या अकलोलीत शिरल्या. एकजण कॅमेरा घेऊन भिंतीवर चढला, आणि त्याला बघून बाई पलंगाखाली जाऊन बसली. ताई तिला बाहेर काढत होती, तेव्हा बाईचा मुलगा आला. त्याने सगळ्यांसमोर ताईची पिशवी जमिनीवर उलटी केली आणि पेपरवाल्यांकडून काय घेतलंस, असं विचारलं. पिशवीत तिचा डबा होता. संध्याकाळी बाईला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते ताईला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी ताईच्या घरी गेलो तेव्हा ती ओटीवर तांदूळ निवडत होती. तुझं नाव कुठेच आलेलं नाही, असं मी दोनदा म्हणालो.

"तू वही काढली न्हवतीस," ती म्हणाली. "म्हनून मी बोलले."

पुढे काही वर्षांनी मी नोकरी सोडली. ताईला कळावं म्हणून भाचीला फोन केला. आईला सांगते, म्हणाली. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "आयला सांगतलं. ती म्हनाली, बरं." आणि फोन ठेवला.

यंदा ताईला भिवंडीतल्या एका दवाखान्यात आणल्याचं मला नात्यातल्या एकाकडून कळलं. घरापासून चालत जाण्याएवढं अंतर होतं. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवलं. माफी मागायची, कारणं सांगायची नाहीत. ताई खूप बारीक झाली होती. मी पलंगाशी उभा राहिलो, तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी तिला विचारलं, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय. ताईने माझ्याकडे बघितलं, मग भाचीकडे.

"ह्याला भाईर पाठव. मंग सांगते."

भाचीने दार उघडून धरलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत ताई बराच वेळ बोलत होती. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग नर्सने भेटीची वेळ संपली म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. चौथ्या दिवशी ताई गेली.

हे लिहू का, असं मी भाचीला विचारलं. लिवा, म्हणाली, पन तिच्या तोंडी तुमचं काय घालू नका. मी घातलेलं नाही.

ताईला कुठे दुखत होतं ते भाचीला माहीत आहे. मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.