बिनटोकांचं बोंड

बेला गावाला जाणाऱ्या बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली. लाकडी रिंगेतल्या कापडावर कापसाचं गुबगुबीत बोंड भरत होती. जरा टाके घातले की मान तिरकी करून फोटो.

वेचणीत बोंडाच्या टोकांनी माझ्या आईची बोटं फाटतात. मी विचारलं, "ताई, टोकं काऊन नाई भरली?"

"टोकं छान नाही दिसत. भिंतीवर लावायचंय ना!"

बस खड्ड्यात आदळली. सुई तिच्या बोटात घुसली, पांढऱ्या बोंडावर रक्त पडलं. बाईनं शांतपणे लाल दोरा ओवला आणि त्या डागावर गोंडस किडा भरला. आमचा कापूस जो नासवतो, अगदी तसाच.

"गोड दिसतोय ना?"

"दिसते ना. आता भिंतीवर लावा, अन् वरून फवारणी करा."

तिनं किड्याचाही फोटो काढला.