अजून उठू नका

"अजून उठू नका," असं म्हणत मॅडम ओली काच खिडकीकडे धरायच्या आणि एक डोळा मिटायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, ही बाई तांदूळ निवडतेय. होत्या मात्र पेशी तपासणाऱ्या डॉक्टर. अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवर, त्यांची लहानशी लॅब होती.

मी सातवीतून शाळा सोडलेला. गाव परभणीकडे, राहायला तिथल्याच बुवापाड्यात, कामाला मोरिवलीच्या कारखान्यात. नव्वद साल उलटून गेलं होतं. पोट दुखायचं, बारीक ताप असायचा, अंग वाळत चाललेलं. सोनोग्राफीत स्वादुपिंडावर गाठ निघाली. हा अवयव आपल्याला आहे, हेच मला त्या दिवशी कळलं.

"कॅन्सर आहे का?"

"सुई घालून बघू," सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले.

सुई घातली, निघालं ते बाटलीत भरलं, मला घरी पाठवलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: नुसतं रक्त, पेशी नाहीत, पुन्हा सुई घ्या. त्या आठ दिवसांत गावाकडे बायकोला रोज पत्र लिहायचो आणि फाडायचो.

ती बाटली मॅडमकडेच आली होती. रिपोर्ट घेऊन मी लॅबवर गेलो. "चूक तुमच्या पोटाची नाही, आमच्या पद्धतीची," त्या म्हणाल्या. "या वेळी मीच येते."

आल्या त्या रिक्षातून, मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन, त्याला शाल पांघरलेली. उल्हासनगरच्या त्या सोनोग्राफीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर तो मांडला. डॉक्टरांनी पडद्यावर बघत सुई घातली. मॅडमनी थेंब काचेवर पसरला, निळं पाणी टाकलं, डोळा लावला.

"रक्तच आहे. अजून उठू नका."

डॉक्टर वैतागले. "मॅडम, बाहेर दहा पेशंट बसलेत."

"ते बसलेत, हे झोपलेत. आणि गाठीच्या मधून घेऊ नका, मधलं मेलेलं असतं. कडेने घ्या."

दुसऱ्या खेपेलाही त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्या खेपेला मात्र बराच वेळ डोकं वर काढलं नाही.

"मिळाल्या पेशी."

"बऱ्या का वाईट?"

"उद्या सांगते. घाईत बोललेलं तुम्ही जन्मभर धरून बसाल. पण आता परत सुई नाही. उठा."

दुसऱ्या दिवशी लॅबच्या पायरीवर मी सातलाच जाऊन बसलो. कुलूप काढता काढता त्या म्हणाल्या, "टीबीची गाठ आहे. गोळ्यांनी जाईल. चुकवणार नाही ना?"

टीबी ऐकून आनंदाने रडणारा माणूस त्यांना नवा असावा. "आधी आत या," म्हणाल्या. "लोक म्हणतील, बाई सकाळी सकाळी पेशंटला रडवते."

बरा झाल्यावर कारखान्याच्या शुक्रवारच्या सुट्टीला मॅडमसोबत रिक्षात मायक्रोस्कोप मांडीवर घ्यायचं काम मी मागून घेतलं. खड्डा आला की आम्ही दोघं एकदम म्हणायचो, "हळू रे बाबा." सगळ्यांचं माझ्यासारखं निघायचं नाही. बहुतेकांचं नाहीच. "वाईटच सांगायचं तर एका खेपेत सांगावं," एवढंच मॅडम परतीच्या रिक्षात म्हणायच्या.

पुढे लॅब बंद करून त्या मुलीकडे गेल्या. तिकडेच वारल्या, हे फार उशिरा कळलं.

मागे एकदा तपासणीला त्याच खोलीत झोपलो होतो. काही निघालं नाही. स्टूल कोपऱ्यातच होतं, त्यावर टॉवेलांची चळत.

"झालं काका, उठा," नवे डॉक्टर म्हणाले.

"हो," म्हटलं, आणि जरा वेळ तसाच पडून राहिलो.