ताजा मेंदू

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी मी नगरला बकऱ्याच्या मेंदूतल्या एका एन्झाइमवर काम करत होतो. अमिनो आम्लातून अमोनिया सोडणारं ते एन्झाइम मेंदू ताजा असला तरच टिके. माझे तीन प्रयोग फसल्याचं ऐकून बाजारातले खाटीक, ज्यांना सगळे नुसतं चाचा म्हणत, स्वतःच बर्फाच्या डब्यात मेंदू घेऊन सायकल दामटत आले. त्यांच्यासमोरच मेंदूचा अर्क घातलेल्या नळीवर धरलेला लाल लिटमस कागद अमोनियाने निळा झाला.

"म्हंजे बकरं गेलं, तरी त्याचं डोकं अजून कामावर हाय?"

"हो ना, चाचा!"

त्यांनी लुंगीला तीनदा हात पुसले आणि कागद मागून घेतला. दुसऱ्या दिवशी दुकानात ते गिऱ्हाइकाला तो दाखवत होते, "आपला माल बगा! मेल्यावरबी राबतो."

माझा निबंध छापून येण्याआधीच तो प्रयोग अख्ख्या बाजाराला ठाऊक झाला होता.