वाखेनिंगेनला, लेकीच्या शेजारी उभं राहायला

मृण्मयीच्या डच विद्यापीठातल्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेची तारीख आली तेव्हा यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. "तू एकटी जा," हे म्हणाले. "तिकडे सगळं थेट दाखवतात म्हणे. मी मोबाईलवर बघेन." सांगलीच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्राची प्रयोगशाळा सहाय्यक होते. निवृत्तीनंतरचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे हंपी. पण गेले, आणि एकटीच गेले. लेकी-सुनांकडे तिकडे जाणाऱ्या आयांना उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात लिहिते.

विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. बँकेचं कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरताना आठवणीनं पुन्हा टेकवायचं. मृण्मयी घ्यायला आली होती. थेट गाडी मिळाली, तासाभरात एडे-वाखेनिंगेन नावाच्या स्टेशनवर उतरलो आणि तिथून बसनं वीसेक मिनिटांत गावात. गाडीचे माणशी वीस युरोंच्या आत लागतात. बसमधून पाहिलं तर रस्त्याला लागून सायकलींचा वेगळा रस्ता, आणि तो मोटारींच्या रस्त्यापेक्षा जास्त भरलेला.

वाखेनिंगेन हे ऱ्हाईन नदीकाठचं छोटं गाव, आणि विद्यापीठ बहुतेक सगळं शेती, माती, अन्न यांच्याभोवती. शनिवारी आम्ही नदीच्या बांधावरून चाललो. खाली गाई चरत होत्या, कुणी राखायला नाही. दुकानात 'कार्नेमेल्क' नावाची पिशवी दिसली तर बिनदिक्कत घ्या, ते ताक आहे. मी त्याची कढी केली. मृण्मयी दोन वाट्या प्यायली आणि पुन्हा कागद घेऊन बसली.

तिचा विषय खारट मातीतली टोमॅटोची मुळं. आपल्या वाळव्याकडच्या क्षारपड जमिनी बघत मोठी झालेली मुलगी, तिला दुसरं काय सुचणार! पहिल्या वर्षी बुरशीनं तिची सगळी रोपं गेली होती, हे तिनं मला या कढीच्या वेळी सांगितलं. चार वर्षांनी.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, परत ये."

म्हणाले असते.

रविवारी अमृताचा फोन आला, मृण्मयीनं तो स्पीकरवर घेतला. अमृता तिची कॉलेजातली मैत्रीण, तिथल्याच फेल्डहोवनला असते, नवरा चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. इथे परीक्षेच्या वेळी उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना दोन सोबती असतात, त्यांना पॅरानिम्फ म्हणतात. आपल्या करवल्याच म्हणा. एक मृण्मयीच्याच प्रयोगशाळेतली लोटे आणि दुसरी अमृता, असं ठरलेलं.

"काकू, सॉरी हो," अमृता रडवेली झाली होती. "लेकाला कांजिण्या आल्यात, अंगात ताप आहे. त्याला सोडून नाही येता येणार."

फोन ठेवून मृण्मयी माझ्याकडे बघत राहिली. "आई, तू राहशील?"

"मी? वेडी आहेस का? माझं इंग्रजी ऐकलंयस ना?"

"बोलायचं नाहीये. फक्त सोबत. फार तर कुणी एखादं विधान वाचायला सांगतील."

ही विधानंही तिथली रीत. प्रबंधासोबत उमेदवार आपली काही ठाम मतं एका कागदावर छापतो आणि परीक्षक त्यातलं कुठलंही वाचायला सांगू शकतात. मी नाहीच म्हटलं. एकदा कॉलेजात आलेल्या तपासणी समितीनं मला इंग्रजीत साधा प्रश्न विचारला होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. भिंतीशी उभे असलेले विद्यार्थी हसले होते. ते हसू अजून कानात आहे.

सोमवारी ती मला कॅम्पसवर घेऊन गेली. तळ्याकाठी मुलं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. एका काचेच्या हॉलमध्ये चौघंजण तण उपटणारा छोटा यंत्रमानव चालवत होते. तो दर वेळी तण सोडून लेट्यूस उपटायचा, आणि चौघं एकदम ओरडायचे. कँटीनमध्ये ब्रेड, चीज आणि सूप, बस. तिखटाची पुडी पर्समध्ये ठेवा.

मग हरितगृह. तिथले तंत्रज्ञ हेंक, साठीचे, उंच, हाताला माती. मृण्मयीनं ओळख करून दिली तसं त्यांनी हात पँटला पुसला आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तुम्हीही प्रयोगशाळेत होता ना? ट्रे कशानं धुवायचा तुम्ही?"

माझ्या नकळत मी उत्तर दिलं. ब्लीच, मग उकळतं पाणी, मग ऊन. ऊन या शब्दावर ते हसले. "ते आमच्याकडे नाही." आम्ही अर्धा तास बोललो. मला व्याकरण सुचत नव्हतं, त्यांना काही शब्द सुचत नव्हते, आणि दोघांचंही काही अडलं नाही. बुरशी लागली तेव्हा प्रत्येक ट्रे मृण्मयीबरोबर त्यांनीच धुतला होता.

घरी आल्यावर तो विधानांचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. सहावं विधान असं: प्रयोग ज्यांच्या हातांवर उभा राहतो, त्या प्रयोगशाळा सहाय्यकांचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांत असायला हवं.

मी चष्मा काढून पुसला. "मृण्मयी, उद्या कुठे उभं राहायचं ते दाखव."

परीक्षा दुपारी साडेतीनला, म्हणजे सांगलीत संध्याकाळचे सात. मी अबोली रंगाची इरकल नेसले होते. काळ्या झग्यातले प्राध्यापक ओळीनं आत आले तसं सभागृह उठून उभं राहिलं. मृण्मयीच्या डाव्या हाताला लोटे, उजव्या हाताला मी. सहाही विधानं पाठ होती आणि मनातून मला सहावंच हवं होतं.

चौथ्या परीक्षक बाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, विधान क्रमांक दोन वाचाल का?"

दोन! त्यात 'हॅलोट्रॉपिझम' हा शब्द, म्हणजे मुळानं मिठापासून दूर वळणं. मी वाचायला लागले आणि नेमकी तिथेच अडखळले. एकदा, मग पुन्हा. सभागृह शांत. मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं केलं. मी थांबले, श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून सगळं वाक्य परत वाचलं. कुणीही हसलं नाही. बाईंनी मान लववून आभार मानले आणि मृण्मयीला असा अवघड प्रश्न टाकला की माझं अडखळणं मीच विसरले. ती उत्तराच्या मध्यावर असताना दंडधारी अधिकारी आत आला, दंड आपटून त्यानं लॅटिनमध्ये 'वेळ झाली' असं पुकारलं, आणि संपलं. समिती बाहेर जाऊन आली आणि माझी मुलगी डॉक्टर झाली.

नंतरच्या चहापानात हेंक शोधत आले. शेवटच्या रांगेत बसले होते. "मी सहाव्याची वाट बघत होतो," ते म्हणाले.

मी पर्समधून कागद काढला आणि तिथेच, चीजच्या ताटांशेजारी उभी राहून, त्यांना सहावं विधान वाचून दाखवलं. मग मराठीतही सांगितलं. त्यांना अक्षरही कळलं नसणार, पण शेवटपर्यंत ऐकलं.

सांगलीत परतल्यावर शेजारपाजार विचारतात, काय पाहिलं? ट्युलिप? पवनचक्क्या? मी म्हणते, हरितगृह पाहिलं. "तू दुसऱ्यांदा वाचलंस ना," हे म्हणाले, "तेव्हा मी मोबाईलसमोर उठून उभा राहिलो. गुडघ्याचं भानच नव्हतं." मृण्मयी आणखी दोन वर्षं तिथेच काम करणार आहे. परत ये, असं मी म्हटलं नाही. वाईट वाटतं का? वाटतं, जेवायला बसताना.

तिचा प्रबंध मी दुपारी शब्दकोश घेऊन वाचते. अडलं की तिला विचारते. ती मराठीत समजवायला जाते आणि तिला शब्द सापडत नाहीत, तेव्हा मी सांगते: हे मूलरोम, हे मूलाग्र, हा परासरण दाब. ती पलीकडे लिहून घेते. पूर्वी रविवारच्या फोनवर ती आधी विचारायची, "जेवलीस का?" आता विचारते, "आई, कितव्या पानावर आहेस?"

एकोणचाळिसाव्या.