मोरेसाहेबांचा कौल

मोरेसाहेब डॉलरचा व्यवहार करण्याआधी जवळच्या कापडे गावच्या देवीला कौल लावायचे. हसू नका, मीही हसले होते. महाडच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात ते निर्यातीचे पैसे सांभाळायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होते. माल आज जायचा, डॉलर तीन महिन्यांनी यायचे. तोवर डॉलर घसरला तर नफा पाण्यात. म्हणून येणाऱ्या डॉलरचा भाव बँकेशी आधीच ठरवून टाकायचा. साहेब याला ‘बांधणं’ म्हणायचे.

“अर्धे बांधायचे गो वैशाली, अर्धे मोकळे. मोकळ्यांवर नजर ठेवायला मी हाय ना!” हे त्यांचं पालुपद. आणि नजर तरी कसली! जेवतानाही डब्याशेजारी मोबाइल आणि त्यावर भाव. भाकरी गार व्हायची. मी चिडायचे.

गेल्या वर्षी मोठी ऑर्डर आली. शेठनी बजावलं, यात तोटा झाला तर नवं युनिट बंद. म्हणजे चाळीस माणसं घरी. डॉलर चढत होता, जो तो म्हणत होता, थांबा. साहेब मला घेऊन भर दुपारी कापड्याला गेले. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. साहेब त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. वारा अजिबात नव्हता. तरी डावी पाकळी लगेच पडली, कुणीतरी बोटाने काढावी तशी. गुरव साहेबांकडे बघतच राहिला.

“चला, काम सोपं झालं,” साहेब म्हणाले. परत येऊन त्यांनी सगळेच्या सगळे डॉलर बांधले.

“साहेब, वेड लागलंय का? भाव अजून चढेल!” मी ओरडलेच.

“चढू दे गो. मोकळ्यांकडं बघायचं कुणी?”

मला वाटलं, म्हातारा थकला.

पैसे यायला अकरा दिवस उरले असताना साहेब खुर्चीत बसल्याबसल्या गेले. त्याच आठवड्यात डॉलर घसरायला लागला, तो थांबेचना. आमचे बांधलेले होते. युनिट वाचलं.

मी नारळ घेऊन कापड्याला गेले. “देवीने डॉलरचं अगदी बरोबर सांगितलं हो,” गुरवाला म्हटलं.

“डॉलरचं? ताई, ते त्यांनी कधी इचारलंच नाय. दर खेपेला एकच सवाल. पैसे येतील त्या दिवशी मी असन का?”

मला ती डावी पाकळी आठवली. मग तिथेच पायरीवर बसून मी ढसाढसा रडले.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. परवा गुरवाचा फोन आला. “ताई, नवी ऑर्डर आली म्हणतात. पाकळ्या लावू का?”

“नको, नको!” म्हणत मी फोन ठेवला. आणि सगळे डॉलर बांधून टाकले.